सायकलला थर्ड पार्टी विमा हवा का?

घाटवाट (पुणे)

नमस्कार मंडळी. सकाळी सायकल चालवणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे. पाषाण, बावधन, एनडीए रस्ता, सुट्टीच्या दिवशी बोपदेव घाट. पावसाळ्याच्या सुरुवातीला ग्रुपमधल्या एकाच्या सायकलची धडक एका आजोबांना बसली. उजेड पुरता झाला नव्हता. आजोबा दुभाजकाच्या फटीतून रस्त्यावर आले, आमचा गडी उतारावर होता. त्याने ब्रेक दाबले, पण पहिल्या पावसाने रस्ता तेलकट झालेला, मागचं चाक सरकलं आणि दोघेही आडवे झाले. त्याला खरचटण्यावर निभावलं. आजोबांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, आठवडाभर दवाखाना, घरी आल्यावर वॉकर आणि फिजिओ. बिल दोन लाखांच्या पुढे गेलं आणि आजोबांचा मेडिक्लेम नव्हता.

त्यांचा मुलगा भला माणूस. आरडाओरडा केला नाही, एवढंच म्हणाला, "स्कूटरने उडवलं असतं तर निदान इन्शुरन्स कंपनीच्या दारात तरी गेलो असतो. आता कोणाकडे जाऊ?"

आम्ही ग्रुपमध्ये वर्गणी काढली, ज्याच्या सायकलने धडक बसली त्याने मोठा वाटा उचलला, आणि प्रकरण मिटलं. पण मला ते मिटलंय असं वाटत नाही. आमच्या सायकली पन्नास हजारांपासून दोन-तीन लाखांपर्यंतच्या. चोरीला गेली, फ्रेमला तडा गेला तर भरपाई मिळावी म्हणून काहींनी विमाही काढलेला आहे. आपल्यामुळे दुसऱ्याचं हाड मोडलं तर काय, याचा विचार एकानेही केला नव्हता.

माझं मत आधीच सांगतो. हौसेने, वेगात सायकल चालवणाऱ्या माझ्यासारख्याने असा, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीची भरपाई देणारा थर्ड पार्टी विमा घ्यायलाच हवा. कायद्याने सक्ती करावी का, याबद्दल मात्र मनात गोंधळ आहे. तुम्हाला काय वाटतं?

---

कृष्णाकाठ (सांगली)

सक्तीला माझा ठाम विरोध. पुण्या-मुंबईत सायकल म्हटलं की हेल्मेट आणि लायक्राचे कपडे डोळ्यासमोर येतात. आमच्याकडे एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारा कामगार, सोसायटीचा वॉचमन, कॅरिअरला कॅन बांधून दूध घालणारा माणूस सायकलवर असतो. मानव विकास योजनेतून ज्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात, त्या आठवी-नववीतल्या पोरींना पॉलिसी काढायला लावणार का? सायकल ही एकच अशी गोष्ट आहे की जिला पेट्रोल लागत नाही, आरटीओ लागत नाही आणि चौकात मामाला घाबरावं लागत नाही. तेवढी तरी गरिबाच्या हातात राहू द्या.

आणि मोटारींना सक्ती आहे म्हणून काय झालं? देशात रस्त्यावरच्या निम्म्याहून अधिक गाड्यांचा विमा चालू नाही, हे संसदेच्या समितीनेच नोंदवलंय. त्यात बहुतेक दुचाकी. जिथे पाटी आहे, आरसी आहे, तिथे ही गत. सायकलवर सक्ती केली तर पावती फाडायला आणखी एक निमित्त, दुसरं काही नाही.

---

अनुपमा_व (ठाणे)

मी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात काम करते, म्हणून कायद्याची बाजू जरा सविस्तर मांडते.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६: सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन चालवायचं तर थर्ड पार्टी विमा सक्तीचा. सायकल ही यंत्राच्या जोरावर चालत नाही, त्यामुळे ती 'मोटार वाहन' नाहीच. आता या एका व्याख्येमुळे काय काय होतं पाहा.

सायकलची धडक बसलेल्या माणसाला न्यायाधिकरणाकडे जाता येत नाही. हिट अँड रनमध्ये सरकारकडून मिळणारी रक्कम (१ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार) मिळत नाही, कारण तीही मोटार अपघातासाठीच आहे. २०२५ मध्ये सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या कॅशलेस उपचारांची योजना आली, तिच्यातही अपघात मोटार वाहनामुळे झालेला असावा लागतो. म्हणजे घाटवाट यांनी सांगितलेले आजोबा एकाही योजनेत बसत नाहीत. त्यांना उरतो तो दिवाणी दावा. त्यासाठी कोर्ट फी भरा, निष्काळजीपणा सिद्ध करा, वर्षानुवर्षं तारखा घ्या, आणि जिंकल्यावर समोरच्याकडे पैसेच नसतील तर हुकूमनामा कपाटात ठेवा. मृत्यू झाला तर वारसांना १८५५ च्या फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्टखाली दावा लावता येतो, पण वसुलीची अडचण तीच.

फौजदारी बाजू वेगळी. तिथे सायकल सुटत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ (बेदरकारपणे वाहन चालवणं) कोणत्याही वाहनाला लागू होतं, त्याला मोटारच असावी लागत नाही. हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत, म्हणजे कलम १२५(ब), तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मृत्यू झाला तर कलम १०६. थोडक्यात, सायकलवाल्याला शिक्षा होऊ शकते, पण जखमीच्या हातात त्यातून सहसा काही पडत नाही. मला यातलं हेच सगळ्यात खटकतं. दंड सरकारजमा होतो आणि आजोबांचं बिल जागच्या जागी राहतं.

---

चिंगी (छत्रपती संभाजीनगर)

अनुपमाताई, माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, सोसायटीबाहेर क्लासला सायकलने जातो. त्याच्याकडून कोणाला लागलं तर जबाबदारी आमच्यावर येते का?

---

अनुपमा_व

चिंगी, आपल्याकडे मुलाच्या चुकीसाठी आई-बाप आपोआप जबाबदार ठरत नाहीत. तुमच्या देखरेखीत हयगय झाली हे दाखवावं लागतं. उदाहरणार्थ, ब्रेक नसलेली सायकल देऊन त्याला हमरस्त्यावर पाठवलं. जपानमध्ये एका आईला याच कारणासाठी मोठी रक्कम भरावी लागली होती. इथे जपानमधलं कोणी असेल तर तपशील सांगेल.

---

ओसाकाकर

आहे ना! नोकरीनिमित्त इथे येऊन बरीच वर्षं झाली. तो खटला इथल्या प्रत्येक पालकाला ठाऊक आहे.

२००८ मधली कोबे शहरातली घटना. अकरा वर्षांचा मुलगा संध्याकाळी उतारावरून सायकलने घरी येत होता. समोरून चालत येणाऱ्या साठी ओलांडलेल्या बाईंना त्याने धडक दिली. त्यांच्या डोक्याला मार लागला आणि त्या परत शुद्धीवर आल्या नाहीत. २०१३ मध्ये कोबे जिल्हा न्यायालयाने मुलाच्या आईला सुमारे साडेनऊ कोटी येन भरायला सांगितलं. तेव्हाच्या दराने साडेपाच कोटी रुपयांच्या आसपास. मुलाला सायकल कशी चालवायची हे आईने नीट शिकवलं नाही, देखरेखीचं कर्तव्य पार पाडलं नाही, असं न्यायालयाचं म्हणणं.

त्या निकालाने देश हादरला. कोबे ज्या ह्योगो प्रांतात आहे, त्याने २०१५ मध्ये सायकलस्वारांना दायित्व विमा (म्हणजे थर्ड पार्टी) सक्तीचा केला. देशात पहिलाच. मग २०१६ मध्ये आमचा ओसाका, २०२० मध्ये टोक्यो, आणि पाठोपाठ बरेच प्रांत. आता कृष्णाकाठ यांच्यासाठी मुद्दाम सांगतो: सक्ती आहे, पण विमा नसला तर दंड नाही. पोलीस रस्त्यात थांबवून पॉलिसी मागत नाहीत. मुलाच्या शाळेतून पत्रक येतं, सायकल घेताना दुकानदार विचारतो, ऑफिसला सायकलने जाणाऱ्याला कंपनी विचारते. एवढ्यावर लोक घेतात.

घेतात म्हणजे वेगळी पॉलिसीच काढतात असं नाही. बहुतेकांच्या घराच्या किंवा गाडीच्या विम्याला वर्षाला एक-दोन हजार येनची पुरवणी जोडलेली असते आणि तीत सगळं कुटुंब येतं. मुलाच्या चेंडूने शेजाऱ्याची काच फुटली तरी त्यातूनच भरपाई.

आणखी एक सोय मला फार आवडते. टीएस मार्क. अधिकृत मेकॅनिककडे सायकल न्यायची. तो ब्रेक, टायर, दिवा, घंटी, चेन तपासतो, लागेल ती दुरुस्ती करतो आणि सीटखालच्या दांडीवर एक स्टिकर लावतो. स्टिकरवर तारीख असते. त्या दिवसापासून वर्षभर त्या सायकलला विमा, मग ती घरातलं कोणीही चालवो. आमच्या गल्लीतला म्हातारा दुकानदार ब्रेकची केबल स्वतः ओढून बघितल्याशिवाय स्टिकरला हात लावत नाही. सायकल धड असल्याशिवाय विमा नाही, हा विचारच मला पटतो. त्यात एक खोट आहे तीही सांगतो: त्याच्या काही प्रकारांत समोरच्याचा मृत्यू झाला किंवा गंभीर अपंगत्व आलं तरच भरपाई मिळते. आजोबांसारखं खुब्याचं हाड मोडून माणूस पुन्हा चालायला लागला तर बहुधा नाही. म्हणून लोक पुरवणी घेतातच.

---

सदाशिवकाका (पुणे)

दुकानातल्या स्टिकरवरून आठवलं. आमच्या तरुणपणी पुण्यात सायकलला महापालिकेचा कर होता आणि भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला मिळायचा. तो सायकलला अडकवलेला नसला की पकडायचे. रात्री दिवा नसला की पकडायचे, डबलसीट दिसली की हवा सोडून द्यायचे. डायनामोचा दिवा बिघडला तर लोक कागदाच्या पुडीत मेणबत्ती धरून सायकल चालवत, हे मी पाहिलंय.

एवढी शिस्त होती, पण त्या बिल्ल्याच्या पैशातून कधी कोणा जखमीला पट्टी बांधलेली मला आठवत नाही. कर सरकारला, त्रास सायकलवाल्याला. म्हणून सक्ती म्हटलं की माझ्या पिढीला आधी तो बिल्ला दिसतो. जपानचा बिल्ला जखमीच्या कामी येतो, हा फरक मोठा आहे. तसं काही होणार असेल तर मी स्वतः रांगेत उभा राहीन.

---

पायवाट (मुंबई)

इथे सायकलस्वार बोलतायत, वकील बोलतायत. चालणाऱ्यांच्या बाजूनेही कोणी बोलायला हवं.

माझी आई सत्तरीची. फुटपाथवरून भाजी घेऊन येत असताना मागून बॅटरीवरची गाडी आली, तिला घासून गेली. मनगट मोडलं. चालवणारा पोरगा क्षणभर थांबला, घाबरला आणि निघून गेला. त्या गाडीला पाटी नव्हती, त्यामुळे तक्रारीत लिहायला नंबरच नव्हता. पोलिसांनी विचारलं, गाडी कोणती? मी काय सांगणार, निळी?

आईचं प्लास्टर निघालं, पण ती आता एकटी बाजारात जात नाही. तिचं हे जे गेलं त्याची भरपाई कोणत्या कलमात बसते ते मला माहीत नाही. तुम्ही 'गरिबाची सायकल' म्हणता ते खरं आहे. पण ज्याला धडक बसते तोही बहुतेक वेळा पायीच चालणारा असतो, आणि पायी चालणाऱ्यात गरीबच जास्त.

---

कृष्णाकाठ

पायवाट, आईंची बातमी वाचून वाईट वाटलं. तुमचा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. पण ती सायकल नव्हती, ती बॅटरीची गाडी होती. दोन्ही एकाच मापाने मोजू नका एवढंच माझं म्हणणं. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात पादचारी ३२,८२५ आणि सायकलस्वार साडेचार हजारांहून अधिक. ही माणसं मुख्यतः ट्रक, बस, मोटारी आणि दुचाकींखाली गेली. मरणाऱ्याच्याच गळ्यात हप्ता बांधायचा, हे मला न्यायाचं वाटत नाही.

---

अनुपमा_व

बॅटरीच्या गाड्यांबद्दल, कारण हा घोळ रोज समोर येतो. नियम असा आहे: मोटर २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, अशी गाडी मोटार वाहन धरली जात नाही. म्हणून पाटी नाही, लायसन नाही, विमा नाही. पण त्याच गाडीचा कंट्रोलर (वेग आवरणारा भाग) बदलून ती चाळीसने पळायला लागली की कायद्याने ती मोटार वाहन झाली. मग ती विनानोंदणी, विनाविमा चालवली जातेय आणि भरपाई मालकाच्या खिशातून. पायवाट यांच्या आईंच्या बाबतीत गाडी कोणत्या प्रकारची होती हे शोधणं महत्त्वाचं होतं, आणि पाटी नसल्यामुळे तेच जमलं नाही.

डिलिव्हरीसाठी अशा गाड्या वापरल्या जातात तिथे माझ्या मते विमा चालवणाऱ्या पोराने काढायचा नाही. ज्याचा धंदा त्या फेऱ्यांवर चालतो आणि जो गाडी भाड्याने देतो, त्याने काढायचा. पोरगा पळून गेला कारण त्याच्यामागे कोणी उभं नव्हतं.

कृष्णाकाठ यांच्या काळजीला आणखी एक पुस्ती. सक्ती झाली तर उद्या ट्रकने सायकलवाल्याला उडवल्यावर विमा कंपनीचा वकील उभा राहून म्हणेल, याच्याकडे विमा नव्हता, चूक याचीच. परवाना नसणं म्हणजे आपोआप सहनिष्काळजीपणा (अपघातात त्याचीही चूक) नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलंय, तेच तत्त्व इथेही लागू पडावं. पण खालच्या पातळीवर तडजोडीची रक्कम पाडायला हा मुद्दा नक्की वापरला जाईल. मी ते रोज बघते.

---

इसारकाठ (म्युनिक)

जर्मनीत सायकलला विमा सक्तीचा नाही, आणि तरी मला एकही बिनविम्याचा सायकलस्वार माहीत नाही. इथे माणसाचा विमा असतो. वर्षाला साठ-सत्तर युरोत घरातल्या सगळ्यांचं खाजगी दायित्व झाकलं जातं: सायकलची धडक, कोणाच्या घरी सांडलेली कॉफी, हरवलेली भाड्याच्या घराची किल्ली. नवीन माणूस इथे आला की सहकारी पहिल्या आठवड्यात विचारतात, तो विमा काढलास का? ताशी ४५ पर्यंत जाणाऱ्या ई-सायकलला मात्र वेगळा विमा आणि छोटी पाटी सक्तीची. २५ पर्यंतची साधी सायकलच धरतात.

शेजारच्या स्वित्झर्लंडचा अनुभव जास्त बोलका आहे. तिथे अनेक दशकं सायकलवर विम्याचं स्टिकर लावणं सक्तीचं होतं. दरवर्षी काही फ्रँक देऊन घ्यायचं. २०१२ पासून ते बंद केलं. कारण? बहुतेक घरांकडे खाजगी दायित्व विमा होताच, स्टिकर म्हणजे त्याच गोष्टीचे दुसऱ्यांदा पैसे. आणि धडक देणाऱ्याकडे विमा नसेल किंवा तो सापडलाच नाही तर जखमीसाठी राष्ट्रीय हमी निधी आहे. पायवाट, तुमच्या आईंसाठी खरं तर असा निधी हवा होता.

---

पायवाट

हो. नेमका हाच.

---

हॅरोकर (लंडन)

लंडनमधली एक गोष्ट विमा नको म्हणणाऱ्यांनी वाचावी. एका सायकलस्वाराची धडक फोनमध्ये बघत रस्ता ओलांडणाऱ्या बाईंना बसली. सिग्नल त्याच्या बाजूने हिरवा होता, त्याने हॉर्न वाजवला, ओरडलाही. २०१९ मध्ये न्यायालयाने दोघांनाही निम्मे निम्मे दोषी धरलं. भरपाई जेमतेम चार हजार पौंडांची. पण त्याच्याकडे विमा नव्हता, वेळेवर वकील केला नव्हता, स्वतःचा उलट दावाही लावला नव्हता. दोन्हीकडचा कोर्टखर्च धरून आकडा भरपाईच्या कितीतरी पट झाला आणि लोकांनी वर्गणी काढली तेव्हा तो बुडता वाचला.

इथे सक्ती नाही. पण सायकलस्वारांच्या मोठ्या संघटनांचं सभासदत्व घेतलं की एक कोटी पौंडांपर्यंतचं थर्ड पार्टी कव्हर त्यातच येतं. वकीलही तेच देतात, आणि माझ्या मते खरी किंमत त्या वकिलाची.

---

विमाप्रतिनिधी (नाशिक)

मी जनरल इन्शुरन्सचं (आयुर्विमा सोडून बाकीच्या विम्याचं) काम करतो. कोणत्या कंपनीची जाहिरात करत नाही, काय बघायचं ते सांगतो.

सायकल विमा म्हणून जे विकलं जातं त्यात मुख्यतः चोरी, मोडतोड आणि तुमचा स्वतःचा अपघात असतो. 'थर्ड पार्टी' किंवा 'लीगल लायबिलिटी' हे शब्द पॉलिसीत शोधा. ते नसतील तर आजोबांच्या बिलाचा एक रुपया मिळणार नाही. जुन्या धर्तीच्या हाउसहोल्डर पॉलिसीत पब्लिक लायबिलिटीचा भाग घेता येतो, पण तो घराच्या हद्दीपुरता आहे की बाहेरही चालतो हे वाचावं लागतं. २०२१ पासूनची 'भारत गृह रक्षा' ही प्रमाण पॉलिसी घर आणि सामानासाठी आहे, तिच्यावर या बाबतीत विसंबू नका. आणि शर्यत, पैज, वेगाची स्पर्धा यांना वगळणारं कलम जवळजवळ सगळीकडे असतं.

बरेच जण मला म्हणतात, वीस रुपयांचा सुरक्षा विमा आहे की. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेतले २ लाख हे खातेदाराचा स्वतःचा अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व यासाठी आहेत. तुमच्यामुळे दुसऱ्याला लागलं तर त्यातून काही नाही.

घाटवाट, तुमच्यासारख्या ग्रुपला एकेकट्याने हिंडण्यापेक्षा नोंदणीकृत क्लब करून सगळ्यांची मिळून पॉलिसी मागणं सोपं जाईल. वॉट्सॲप ग्रुपला कंपनी पॉलिसी देत नाही.

---

घाटवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. माझा गोंधळ बराच सुटला, जे पटलं ते मांडतो.

कृष्णाकाठ, सायकलवर सक्ती नको, हे आता मलाही पूर्ण पटलं. दूधवाल्याच्या सायकलला हप्ता लावून आजोबांना काही मिळालं नसतं. पण पायवाट यांच्या आईंसाठी आणि आमच्या आजोबांसाठी सरकारने काही करायला हवं, आणि ते फार अवघडही नाही. हिट अँड रनचा निधी आहेच, कॅशलेस उपचारांची योजना आहेच. दोन्हीकडे 'मोटार वाहनामुळे' ही अट सैल करून 'रस्त्यावरचा अपघात' असं धरलं तर सायकल, ई-बाइक, हातगाडी, सगळ्यांमुळे जखमी होणारी माणसं त्यात येतील. दवाखान्याच्या दारात आलेल्या माणसाला कोणत्या चाकाने पाडलं हे विचारायचं कारण काय?

आणि आमच्यासारख्यांनी सरकारची वाट बघू नये. आमच्यातले काही जण बीआरएम या लांब पल्ल्याच्या राइड्स करतात. २००, ३००, ६०० किलोमीटरच्या या राइड्सच्या मूळ फ्रेंच नियमातच प्रत्येक स्वाराचा दायित्व विमा हवा असं लिहिलंय. रोजच्या सकाळी, चालायला निघालेल्या माणसांच्या गर्दीतून तिशीच्या वेगाने जाताना तो जास्त गरजेचा आहे.

क्लबची नोंदणी करायचं आम्ही ठरवतोय. ओसाकाकरांच्या टीएस मार्कवरून एक गोष्ट उचलणार आहोत: दर सहा महिन्यांनी एका ठरलेल्या मेकॅनिककडून ब्रेक आणि दिवे तपासून घेतल्याशिवाय ग्रुप राइडला येऊ द्यायचं नाही. अंधारात उताराच्या रस्त्यांवर वेगमर्यादाही ठरवतोय, त्यावर मात्र अजून वाद चालू आहे.

विमाप्रतिनिधी, सगळ्यांची मिळून पॉलिसी मागायला किमान किती सभासद लागतात? आणि नाशिक, कोल्हापूर, नागपूरच्या एखाद्या क्लबने अशी थर्ड पार्टी पॉलिसी आधीच घेतली असेल तर तिच्यातली वगळण्याची कलमं इथे जशीच्या तशी टाका. आमची बैठक पुढच्या रविवारी आहे.

---

विमाप्रतिनिधी

सभासदसंख्येची अट कंपनीगणिक बदलते, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारून उद्यापर्यंत सांगतो. तोवर सभासदांची यादी वयासकट तयार ठेवा, आणि अठराच्या आतले किती आहेत ते वेगळं काढा. त्यांचा प्रश्न पहिल्याच फोनवर येईल.